बोंडअळीचं गोत्र



२०१७ च्या दिवाळीनंतर विदर्भातली कपाशी वरून ठणठणीत दिसत होती. बोंडं हिरवीगार, टपोरी. भोकाचा कुठे मागमूस नाही. हातात घेऊन फोडलं की आत पिवळट, चिकटलेला, कवडी झालेला कापूस, आणि एखाद्या कप्प्यात सरकीत तोंड खुपसून बसलेली सेंटीमीटरभर लांबीची गुलाबी अळी. डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन या अळीवरून गाजलं. अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगातच तयार करणाऱ्या ज्या बीटी वाणांना २००२ मध्ये ‘बोंडअळीचा बंदोबस्त’ म्हणून परवानगी मिळाली होती, त्याच वाणांच्या बोंडांत ही अळी सुखाने वाढत होती. वर्धेच्या चहाटपरीवर तेव्हा एकच प्रश्न होता: बंदोबस्त झाला होता, तर ही आली कुठून?

स्मृतिव्याख्यानासाठी एका पतंगाच्या वर्गीकरणाचा विषय काहींना कोरडा वाटेल. पण टपरीवरच्या त्या प्रश्नाला ‘बंदोबस्त नेमक्या कोणत्या बोंडअळीचा?’ असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं असं, की २०१७ मध्ये बोंडात जे घडलं त्याची अर्धी कुंडली या पतंगाच्या गोत्रात आधीच मांडलेली होती.

कपाशीवाला शेतकरी तीन बोंडअळ्या ओळखतो: ठिपक्यांची, हिरवी म्हणजेच अमेरिकन, आणि गुलाबी. हे वर्गीकरण रंगावर आणि नुकसानीवर बेतलेलं आहे आणि शेतापुरतं ते उत्तम चालतं. कीटकशास्त्रात मात्र या तिघींचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही. ठिपक्यांची अळी एरियास प्रजातीची, नॉलिडी कुलातली. हिरवी हेलिकोव्हर्पा प्रजातीची, नॉक्टुइडी कुलातली. गुलाबी अळीचा पतंग पेक्टिनोफोरा प्रजातीचा आणि त्याचं कुल गेलेकिइडी. भाताज्वारीच्या साठ्यात होणारा बारीक पतंग, बटाट्यात शिरणारी अळी, २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टोमॅटोची नागअळी, ही गुलाबी अळीची खरी भावकी. (जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस, या अर्थानेच हे शब्द इथे वापरले आहेत. वर्तमानपत्रं दोन्हीसाठी ‘प्रजाती’ लिहितात, त्याला इलाज नाही.)

या पतंगाची कागदोपत्री नोंद सुरू होते भडोचला. ईस्ट इंडिया कंपनीला लंकेशायरच्या गिरण्यांसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, म्हणून गुजरातेत सरकारी मळ्यांवर अमेरिकी कपाशीचे प्रयोग चालले होते. १८४२ च्या सुमारास त्या कपाशीची बोंडं आतून खाल्लेली सापडली. मळ्याच्या अधीक्षकांनी नमुने लंडनला धाडले आणि ते विल्यम विल्सन सॉन्डर्स यांच्या हाती पडले. सॉन्डर्स लॉइड्समध्ये विम्याचा धंदा करत. तरुणपणी कंपनीच्या इंजिनियर दलातून थोडा काळ हिंदुस्थानात येऊन गेले होते. कीटक ही त्यांची हौस. लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी जेमतेम दोन पानांचं वर्णन छापलं आणि पतंगाला नाव दिलं डिप्रेसारिया गॉसिपिएला. पुस्तकांत या नावापुढे १८४४ हे साल असतं.

‘गॉसिपिएला’ हा भाग तेव्हापासून आजतागायत टिकला. ‘डिप्रेसारिया’ टिकला नाही. डिप्रेसारिया हे मुख्यतः थंड प्रदेशातले, चपट्या अंगाचे पतंग. त्यांच्या अळ्या गाजर-बडीशेपेच्या कुलातल्या झाडांवर जगतात. भडोचच्या कपाशीतल्या पतंगाशी त्यांचं साम्य एवढंच, की दोघे लहान, मळकट तपकिरी आणि वर वळलेल्या मिशाळ ओष्ठांगांचे. सॉन्डर्स यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी लहान पतंगांच्या प्रजाती ऐसपैस असत. नवा जीव आला की जवळची वाटेल त्या प्रजातीत सरकवला जाई.

पुढची साठेक वर्षं हे नाव जवळपास पडून होतं. त्याला जाग आणली ती पतंगाच्या प्रवासाने. १९०६-०७ च्या सुमारास हिंदुस्थानातून गेलेल्या, सरकी नीट न निघालेल्या रुईच्या गाठींतून तो इजिप्तला पोचला असं मानतात. नाईलच्या खोऱ्यातली कपाशी म्हणजे इजिप्तची तिजोरी. तिथे हाहाकार झाला. तिथून इजिप्शियन सरकीबरोबर १९११ मध्ये तो मेक्सिकोत गेला आणि १९१७ मध्ये टेक्सासमध्ये सापडला. हवाई बेटांवर तो त्याआधीच पोचला होता. आता हा कोण, याची विचारणा कैरोपासून वॉशिंग्टनपर्यंत होऊ लागली. १९१२ मध्ये लंडनच्या जॉन हार्टली ड्युरंट यांनी त्याला डिप्रेसारियातून काढून गेलेकिया प्रजातीत ठेवलं. कुल बरोबर ठरलं. पण गेलेकिया ही तेव्हा धर्मशाळाच होती.

इथे एडवर्ड मेरिक यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण हिंदुस्थानातल्या बारीक पतंगांची निम्मीअधिक नावं या एका माणसाच्या टेबलावरून आली असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. १८५४ चा जन्म. पेशाने शाळामास्तर, आधी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात आणि १८८७ पासून इंग्लंडात मार्लबरो कॉलेजात ते ग्रीक-लॅटिन शिकवत. उरलेल्या वेळात त्यांनी जगभरातून आलेल्या चौदा हजारांहून अधिक जातींची वर्णनं लिहिली. त्यासाठी ‘एक्झॉटिक मायक्रोलेपिडॉप्टेरा’ नावाचं नियतकालिक १९१२ पासून ते स्वतःच छापत. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कीटकशास्त्र विभागातून बेनब्रिग फ्लेचर टाचण्या लावलेले नमुने मार्लबरोला पाठवत आणि मेरिक त्यांना नावं देत.

मेरिक यांचा भरवसा पंखांच्या शिरांवर. भिंग डोळ्याला लावायचं, शिरा कुठे फुटतात, कुठे मिळतात ते पाहायचं आणि निर्णय द्यायचा. पतंगाचं पोट फोडून जननेंद्रियं तपासायची जी नवी पद्धत तेव्हा मूळ धरत होती, तिचा त्यांना तिटकारा. त्यांनी गॉसिपिएला बसवला प्लॅटीएड्रा या प्रजातीत, जी त्यांनीच १८९५ मध्ये काढली होती. तिच्यातला युरोपातला पतंग खतमीच्या कुलातल्या झाडांच्या बिया खातो. कपाशीचंही कुल तेच. म्हणजे अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. मेरिक यांचा दबदबा असा, की ब्रिटिश साम्राज्यात हा पतंग पुढची कित्येक दशकं प्लॅटीएड्रा गॉसिपिएला म्हणूनच नांदला.

दरम्यान, अमेरिकेच्या शेतीखात्याने १९१५ मध्ये ऑगस्ट बुस्क यांना हवाईला पाठवलं. बुस्क मूळचे डेन्मार्कचे. शेतीखात्याला हवं होतं नियंत्रण. बुस्क यांनी आधी ओळख पक्की केली. १९१७ च्या त्यांच्या लेखात पतंग डिप्रेसारिया नाही, गेलेकिया नाही आणि प्लॅटीएड्राही नाही असं दाखवून त्यासाठी पेक्टिनोफोरा ही नवी प्रजाती मांडलेली आहे.

हे वेगळेपण दिसतं कसं? पतंग पंख पसरून पंधरा ते वीस मिलिमीटर. पुढचे पंख अरुंद, राखट तपकिरी, त्यांवर काळपट अस्पष्ट डाग. मागचे पंख रुपेरी करडे, टोकाशी एकदम निमुळते, कडेला लांब केसांची झालर. डोक्याच्या पुढून दोन ओष्ठांगं कोयत्यासारखी वर वळलेली. इथवर त्याच्या भावकीतले पुष्कळ पतंग असेच दिसतात. भिंगाखाली शृंगिकेचा मुळाशी असलेला पहिला जाड सांधा पाहिला, की त्यावर पाच-सहा लांब, ताठ केसांची एक छोटी फणी दिसते. बुस्क यांनी या फणीला पंखांच्या शिरांची आणि नराच्या जननेंद्रियांच्या रचनेची जोड दिली. एका अवयवावर विसंबायचं नाही, चार अवयव एकच गोष्ट सांगत असतील तर मानायची, ही ती शिस्त.

एका जातीची प्रजाती काढणं नेहमी संशयास्पद वाटतं. पेक्टिनोफोराला सख्खं भावंड मिळालं ते ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँडच्या कपाशीत गुलाबी अळी होतीच. ती भारत-इजिप्तवाली असं सगळे धरून चालले होते. कीटकशास्त्रज्ञ होल्डवे यांनी १९२६ मध्ये ही वेगळी जात आहे असं म्हणून तिला स्क्यूटिजेरा नाव दिलं. त्यावर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी जननेंद्रियांचा पुरावा पुढे ठेवला.

हा पुरावा काढायची रीत बघण्यासारखी आहे. मेलेल्या पतंगाचं पोट अलगद मोडून घ्यायचं. कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात ते गरम करायचं. मांस, चरबी विरघळून जाते आणि कायटिनचा पारदर्शक सांगाडा उरतो. बारीक कुंचल्याने खवले झटकायचे, सुईने पोट उघडायचं, टोकाकडची आकडे-झडपांची जोडणी रंगवून काचपट्टीवर कॅनडा बाल्समखाली बंद करायची. पंखांचे खवले उडाले, रंग उतरला, तरी हा भाग वर्षानुवर्षं तसाच राहतो. नर-मादीचं मीलन याच जोडणीने होत असल्यामुळे जातीजातींतले फरक इथे अनेकदा ठळक असतात. मेरिक यांना जे किळसवाणं वाटलं त्यावरच पुढचं सगळं शास्त्र उभं राहिलं.

ते उभं करणाऱ्यांपैकी एक होते कॅनबेराचे इयान कॉमन. कपाशीच्या दोन मोठ्या बोंडअळ्यांचा गुंता सोडवण्यात या एकाच माणसाचा हात आहे, हा योगायोग मजेशीर. १९५३ मध्ये त्यांनी दाखवलं की जगभर ‘हेलिओथिस आर्मिजेरा’ म्हणून खपवली जाणारी हिरवी अळी एक जात नाही. अमेरिकेतली वेगळी, आपल्याकडची वेगळी, ऑस्ट्रेलियात आणखी एक. त्या धाग्यावर कॅनडाचे डेव्हिड हार्डविक यांनी १९६५ मध्ये हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली. तरी १९८१ मध्ये हैदराबादेजवळच्या इक्रिसॅटमध्ये जागतिक कार्यशाळा भरली ती ‘हेलिओथिस’च्याच नावाने, आणि विदर्भातल्या कृषी केंद्रांच्या गल्ल्यावर जुनंच नाव पुढेही बरीच वर्षं चाललं. नावांच्या या कूर्मगतीला हसू येतं खरं, पण ओळख चुकली तर किंमत मोजावी लागते, हे २०१३ मध्ये ब्राझीलला कळलं. तिथे अमेरिकी झिआ ही जात समजून ज्या अळ्यांवर फवारे मारले जात होते, त्यांत जुन्या जगातली आर्मिजेरा मिसळलेली निघाली. बाहेरून दोघी सारख्याच. नराच्या इंद्रियाच्या आतल्या पिशवीला मुळाशी आर्मिजेरात एक फुगवटा, झिआत तीन. हे पाहून आणि डीएनए तपासून निवाडा झाला.

पेक्टिनोफोराची उजळणी कॉमन यांनी १९५८ मध्ये केली. गॉसिपिएला, स्क्यूटिजेरा आणि त्यांनी स्वतः नव्याने मांडलेली एन्डेमा, अशा तीन जाती. तिन्ही ऑस्ट्रेलियाच्या परिसरात सापडतात. नंतरच्या दोन्ही मुळात भेंडी-जास्वंदीच्या कुलातल्या रानझाडांवर जगणाऱ्या. यावरून कॉमन यांनी असा तर्क केला, की या प्रजातीचं माहेर हिंदी महासागराच्या पूर्वेकडे, वायव्य ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया-मलेशिया यांच्यामध्ये असावं. दुसरा पक्ष म्हणतो की कपाशी हिंदुस्थानात हजारो वर्षांची, तेव्हा तिचा हा पाहुणाही इथलाच. प्रस्तुत वक्त्याला पहिली बाजू अधिक पटते. एखादा जीव सर्वप्रथम भडोचला सापडला याचा अर्थ भडोचला बघणारा माणूस होता, एवढाच. भावंडं कुठे राहतात हा त्याहून चांगला पुरावा. हा वाद नुसता विद्वानांचा नाही. या पतंगावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या शोधायला जायचं तर कोणत्या रानात, ते यावर ठरतं.

आता पुन्हा वर्धेच्या टपरीवरच्या प्रश्नाकडे. या प्रजातीच्या तिन्ही जातींचं ताट एकाच कुलापुरतं आहे. गॉसिपिएला भेंडी, अंबाडी, पेटारी यांवर नोंदली गेली आहे, पण तिचं खरं जेवण कपाशीचं बोंड. उलट हिरवी अळी कपाशी, तूर, हरभरा, टोमॅटो, मका, काहीही खाते. आणि बीटीचा सगळा डाव ‘आश्रय’ या कल्पनेवर उभा होता. शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशी लावायची, तिथे विष न चाखलेले पतंग वाढू द्यायचे. बीटीवर तग धरलेला एखादा पतंग त्यांच्याशी जुळला, की प्रतिकाराचं बीज पातळ होतं. म्हणून ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी येई. ती पुडी बहुतेक शेतांत मातीत गेलीच नाही. ज्या जमिनीवर पोट आहे तिचा तुकडा अळीला मुद्दाम वाढून ठेवायचा, ही गोष्ट कोणी धड समजावून सांगितलीही नव्हती.

हिरव्या अळीच्या बाबतीत ही चूक झाकली गेली. वर्धा जिल्ह्यात कपाशीत तुरीचं तास असतंच, रब्बीत हरभरा असतो. आर्मिजेराचे विष न चाखलेले पतंग तिथे आपोआप तयार होत राहिले आणि बीटीपुढे ती अळी बऱ्यापैकी नमलेलीच राहिली. पेक्टिनोफोराला मात्र तूर चालत नाही, हरभरा चालत नाही. कपाशी बीटी, शेजारची कपाशी बीटी, पलीकडची बीटी. खायचं तर तेच, नाहीतर मरायचं. असा दाब पिढ्यान्‌पिढ्या पडल्यावर जे व्हायचं ते झालं. २०१० मध्ये सौराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीला दाद न देणारी गुलाबी अळी सापडल्याचं बियाणं कंपनीनेच जाहीर केलं. २००६ मध्ये आलेला दोन जनुकांचा बीटीही काही वर्षांत गुजरातेत ढिला पडला, आणि २०१७ मध्ये विदर्भ. दोन्ही अळ्यांना ‘बोंडअळी’ या एकाच रकान्यात घालून एकच नियम लावला, ही मुळातली चूक.

त्यात भर फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्याची. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ज्या ‘हिंगणघाट’ कापसाला भाव लागे, ती देशी बनी कपाशी कोरडवाहू; हंगाम संपला की शेत रिकामं आणि पऱ्हाट्या चुलीत. आता ओलिताची सोय असेल तर संकरित कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवतात. गुलाबी अळीला याहून काय हवं? हंगाम संपला तरी ती मरत नाही. दोन सरक्या रेशमी धाग्याने जोडून त्यांच्यात सुप्तावस्थेत पडून राहते आणि सरकीबरोबर जिनिंगच्या आवारात पोचते. पतंग पकडणारे कामगंध सापळे फक्त शेतात नको, जिनिंगमध्येही लावा, असं शास्त्रज्ञ सांगतात ते याचसाठी.

ताट अरुंद असण्याची दुसरी बाजूही आहे. ज्याला एकच पीक चालतं त्याला त्या पिकातून हुसकता येतं. चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी स्वस्त पडतं म्हणून बीटी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं. त्या शेतांत चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघाली आणि गुलाबी अळीतला प्रतिकार मागे हटला. २०१७ मध्येच हे छापून आलं. अमेरिकेने बीटी, आश्रय, वंध्य पतंग सोडणं आणि कामगंध अशा चौफेर माऱ्याने हा पतंग आपल्या कपाशीतून नाहीसा केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तसं जाहीर केलं. हिरव्या अळीच्या बाबतीत असं स्वप्नही कोणी पाहत नाही.

कामगंध सापळ्यातल्या रबरी ल्यूरमध्येही हे गोत्र बोलतं. गुलाबी अळीच्या मादीचा गंध म्हणजे गॉसिप्लूर, दोन जुळ्या रसायनांचं समसमान मिश्रण. १९७३ मध्ये ते ओळखलं गेलं. त्या दोहोंपैकी एक रसायन हाच धान्यातल्या पतंगाच्या मादीचा गंध, कारण भावकी एक. म्हणून धान्याच्या कोठाराजवळ लावलेल्या सापळ्यातला प्रत्येक करडा पतंग गुलाबी अळीचाच असं धरून मोजू नये. हेक्टरी पाच सापळे, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग म्हणजे धोक्याची पातळी. हा हिशेब पतंग ओळखूनच करायचा असतो. सोबत फुलं पाहायची. पाकळ्या आतून धाग्याने शिवल्यासारख्या, न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी दिसली तर ती तोडून आतली अळी मारायची. हे काम फवारणीच्या आधीचं आहे आणि सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात ते कोणालाही शिकून घेता येईल.

श्रोत्यांत जुन्या कागदपत्रांत रमणारे काही जण असतील. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या गुलाबी अळीचा मागोवा घ्यायचा तर एकाच नावाने शोधून भागणार नाही. एकोणिसाव्या शतकासाठी डिप्रेसारिया, १९१२ च्या आसपास गेलेकिया, त्यापुढे स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांपर्यंत प्लॅटीएड्रा, आणि मग पेक्टिनोफोरा, अशी चारही नावं सूचीत पाहावी लागतील. टोमॅटोच्या नागअळीच्या अभ्यासकांवरही आता हीच वेळ आली आहे. २०२१ मध्ये तिला ट्यूटामधून उचलून बटाट्याच्या अळीच्या फ्थोरिमिया प्रजातीत बसवलं गेलं, आणि औषधांच्या बाटल्यांवर अजून ट्यूटाच छापलेलं आहे.